चार फूट पाणी

मी चौथी पास आहे. हे आधी सांगितलेलं बरं. मजकूर माझा आहे, शुद्धलेखन आमच्या शाळेच्या बाईंनी तपासलं आहे. गेल्या पौषात मी पाच दिवस ठाण्याकडे जाऊन आले. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी म्हटलं, तीन म्हातारे पाहिले. तलाव, मॉल वगैरे ज्याला वाचायचं असेल त्याने दुसऱ्या कोणाला विचारावं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. इथले पुष्कळ पुरुष नेव्हीत गेले. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात आता त्यांची एक जाड वही केली आहे. प्रत्येकाला एक पान, वर फोटो, खाली त्याने काय काम केलं ते. आमचे हे, दत्ताराम, एकाहत्तरच्या लढाईत होते. त्यांच्या पानावर फोटो आणि जन्मतारीख एवढंच होतं, कारण पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. ते नऊ वर्षांपूर्वी गेले. बेचाळीस वर्षांच्या संसारात लढाईबद्दल माझ्याशी दोन वाक्यं बोलले. 'जहाज फार डोलायचं,' हे एक. 'पोरं डोंगरातली होती,' हे दुसरं.

सरपंच म्हणाले, "काकी, शौर्याचं काहीतरी लिहून टाकू."

मी म्हटलं, "काहीतरी म्हणजे काय? खोटं लिहायचं तर कोरं राहू दे."

त्या जहाजावरचे तिघे अजून जिवंत आहेत असं कळलं. एक कळव्याला, एक डोंबिवलीला आणि एक शहाडला. तिघेही ऐंशीच्या आसपास. पुढच्या वर्षी किती राहतील ते सांगता येत नाही, माझंही सांगता येत नाही. तेव्हा मी निघाले. पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं, उकडे तांदूळ आणि दोनशे पानी वही घेतली.

आमच्या वाडीतून एसटी पकडायची तर खाडी ओलांडावी लागते. पूल झाला आहे पण तो लांब पडतो, म्हणून अजून होडीच. ओहोटीला होडी काठापर्यंत जात नाही, पाण्यात उतरून चालावं लागतं. ह्यांची एक खोड होती. होडी थांबली की हे सगळ्यांच्या आधी उतरायचे, काठी टेकत काठापर्यंत चालत जायचे, परत यायचे, आणि मग म्हणायचे, "आता उतरा." घाई असो, ऊन असो, लग्नाचं वऱ्हाड असो. लोक म्हणत, दत्तू पाणी मोजतोय. मला लाज वाटायची. एकदा भर होडीत मी त्यांना वेडा म्हटलं होतं. ठाण्याला निघाले त्या दिवशी एकटी उतरताना ते आठवलं, आणि गुडघा दुखायला लागला तो पाचही दिवस दुखला.

वर्तकनगर

प्रवासाचं लिहीत नाही. रात्रभर बसून कंबर मोडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी उतरले ती शोभाकडे. शोभा माझ्या नणंदेची मुलगी, शाळेच्या ऑफिसात होती, आता रिटायर झाली. वर्तकनगरला तिची जुनी वसाहत पाडून तिथे उंच इमारत झाली आहे. घर छान आहे, पण मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. आमच्याकडे दिवसा दार बंद दिसलं तर लोक विचारतात, घरात कोण आजारी आहे? मी शोभाला म्हटलं, "समोर कोण राहतं?"

"चांगले आहेत गं लोक. गुजराती की मारवाडी."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

मी पिशवीतली आमसुलं काढून तिच्या हातात दिली.

जेवायला ज्वारीची भाकरी, भोपळ्याची भाजी. भात नाही. नवरा-बायको दोघांनाही साखरेचा त्रास. दुपारी मीच कुकर लावला आणि आमसुलाचं सार केलं, तेव्हा दोघांनी दोन-दोन वेळा भात घेतला. शोभा म्हणाली, "मामी, तू गेलीस की आमचे रिपोर्ट बिघडणार."

वही बघून तिला हसू आलं. "अगं, लिहीत काय बसणार? मोबाईलवर रेकॉर्डिंग करू. मी येते ना उद्या कळव्याला, टेन्शन घेऊ नको."

कळवा

ठाण्याहून कळवा म्हणजे खाडीपलीकडे. रिक्षा पुलावर आली तेव्हा पाणी पाहून बरं वाटलं, वास आल्यावर बरं वाटेना. आमच्या खाडीला चिखलाचा वास येतो, माशाचा येतो. या खाडीला कसला येतो ते मला सांगता येणार नाही.

गंगाराम पवार जहाजाच्या इंजिनावर होते. आता दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. इंजिनाने कान गेले आहेत. त्यांच्या बायकोचं नाव सरोज. दार उघडतानाच ती आतल्या बाजूला एवढ्या मोठ्याने ओरडली की मी दचकले.

"घाबरू नका," ती म्हणाली. "चाळीस वर्षं ओरडतेय. नवीन शेजारी आले की त्यांना वाटतं यांचं रोज भांडण. भांडण कसलं, मी चहा घ्या म्हणते."

गंगाराम बोलायला तयार होते. विचारणारं कोणी आलं याचाच त्यांना आनंद होता. शोभाने मोबाईल टेबलावर ठेवला. मी विचारलं ते सरोजने ओरडून सांगितलं, आणि ते बोलायला लागले.

जहाजाचा तळ सपाट होता, ताटासारखा. किनाऱ्यावर चढता यावं म्हणून. पुढे नाकाला दार, माणसं उतरवायला. पण सपाट तळाचं जहाज भर समुद्रात फार डोलतं. वर पलटणीतली पोरं होती, डोंगरातली, समुद्र कधी पाहिला नव्हता. ओकून ओकून अर्धमेली झाली होती. पाठीवर हे एवढं ओझं.

"किनारा जवळ आला की मागचा नांगर आधी टाकायचा," ते म्हणाले. "मग दोर सोडत पुढे जायचं आणि वाळूत नाक घुसवायचं. परत निघताना त्याच दोराने मागे ओढून घ्यायचं."

पुढे जाण्याआधी परत येण्याची सोय करायची, ही त्या कामातली मला पटलेली एकमेव गोष्ट.

"दार उघडलं तेव्हा काय झालं?" मी विचारलं.

"मी खाली होतो, वहिनी. वरचं मला दिसत नाही. घंटा वाजली की पुढे, घंटा वाजली की मागे. खाली वाळू घासल्याचा आवाज आला. मला वाटलं, लागलो किनाऱ्याला. मग बराच वेळ काही नाही. मग दत्ताराम खाली आला."

"त्यांचं काम खाली होतं?"

सरोजने ओरडून विचारलं. त्यांनी मान हलवली. "नाही ना. तो दारातला माणूस. पण आला. छातीपर्यंत भिजलेला. इंजिनाजवळ उभा राहिला. मला काहीतरी सांगितलं त्याने. बराच वेळ बोलत होता."

"काय?"

"इंजिन चालू होतं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

"मग पुन्हा विचारायचं होतं."

"विचारलं. इंजिन बंद झाल्यावर विचारलं. म्हणाला, काही नाही."

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि ते ऐकू न येणाऱ्या माणसाला, मुद्दाम त्याच जागी जाऊन. त्यांना ओळखणाऱ्या बाईला यात नवल वाटण्यासारखं काही नाही, पण राग आला.

सरोजने सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. त्या पाच दिवसांतलं ते सगळ्यात चांगलं जेवण. जाताना तिने मला बाजूला घेतलं आणि प्रथमच हळू आवाजात म्हणाली, "यांना तुमच्या वहीत एक पान मिळेल का? त्यांचं गाव दुसरं आहे, पण तिकडे अशी वही नाही." मी म्हटलं, मिळेल. मी कोण मिळेल म्हणणारी, पण म्हटलं.

घरी येऊन शोभाने रेकॉर्डिंग लावलं. पाऊण तास पंख्याचा आवाज. फोन नेमका पंख्याखाली ठेवला होता. मधूनमधून सरोजचं ओरडणं तेवढं स्वच्छ ऐकू येत होतं, चहा घ्या, चहा घ्या. शोभा हिरमुसली. मी वही काढली आणि आठवत होतं तेवढं उतरवलं. एक पान लिहायला मला दीड तास लागतो. बोटं आखडतात. पण वही पंखा लिहून घेत नाही.

डोंबिवली

डोंबिवलीत स्टेशनपासून जवळच एका गल्लीत पोळी-भाजीची तीन दुकानं पाहिली. बायका नोकरीवरून येतात आणि मोजून पोळ्या घेऊन घरी जातात. एकीने चार घेतल्या, मग विचार करून अर्धी भाजी. आमच्याकडे कोणी विकतची भाकरी आणली तर तेरा दिवस चर्चा चालेल. मला मात्र वाटलं, ही सोय माझ्या वेळेला असती तर मी पहिली गिऱ्हाईक झाले असते.

वसंत साळवी जहाजावर सिग्नलला होते. झेंडे, दिवे, निरोप. आता सोसायटीचे अध्यक्ष आहेत. भिंतीवर त्यांचे सत्काराचे फोटो, नारळ, शाली. शोभा आणि मी बसतो न बसतो तोच ते उभे राहिले आणि सुरू झाले. मला आधी वाटलं, पाठीचा त्रास असेल म्हणून उभे राहतात. मग कळलं की भाषण आहे.

"शत्रूच्या छाताडावर आम्ही पाय रोवला! समोर मृत्यू आ वासून..."

मी लिहायला घेतलं. 'शत्रूच्या' लिहून होईपर्यंत ते मृत्यूच्या पुढे, गोळीबारापर्यंत गेले होते. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"साळवी, गोळी कुठून आली?"

"काय?"

"समोरून गोळीबार झाला म्हणता. किती वेळ चालला?"

ते थांबले. आतल्या खोलीतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. "सांगा आता," ती म्हणाली.

"तशी... किनाऱ्यावर शत्रू नव्हता," साळवी बसले. "आधीच पळाला होता. गावातले लोक उभे होते, हात हलवत. पण वहिनी, असता तर?"

"असता तर वेगळं लिहिलं असतं. दत्ताराम कुठे होते?"

"दारात. काठीने पाणी मोजायला. फार शिस्तीचा माणूस. विचारलं तेवढंच बोलायचा."

"आणि भिजले कसे?"

साळवींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. ते म्हणाले, "ते मी वरून पाहिलं. नीट दिसलं नाही. थोडा घोळ झाला होता. ते वहीत कशाला? माझ्याकडे छापील मजकूर आहे, दोन पानं, तो चिकटवा. आणि शहाडला जाऊ नका. काशीरामला धाप लागते, डोकंही ठिकाणावर नसतं. काहीही बोलतो."

मी छापील पानं घेतली. त्यांच्या बायकोने दारापर्यंत सोडलं. जिन्यात ती म्हणाली, "भाषण करून आले की त्या दिवशी जेवत नाहीत. तुम्ही जा शहाडला."

शहाड

शोभाला दवाखान्याची वेळ मिळाली होती, म्हणून मी एकटीच गेले. काशीराम जाधवांची मुलगी रेखा मला न्यायला स्टेशनवर आली. ती नर्स आहे, रात्रपाळी करून तशीच आली होती. आम्ही दोघीही दमलेल्या, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न आला नाही. उल्हास नदीवरून जाताना तिने बोट दाखवलं. नदी हिरवीगार, मला वाटलं शेत आहे. रेखा म्हणाली, "जलपर्णी आहे, काकी. खाली पाणी आहे." असेल.

काशीराम जाधव आमच्याच गावचे, बौद्धवाडीतले. हे आणि ते एकाच वर्षी भरती झाले, एकाच जहाजावर गेले, एका ताटात जेवले. गावात मात्र मी त्यांच्या घरी कधी पाणी प्यायले नव्हते. सासूने सांगितलं म्हणून नाही प्यायले, आणि सासू गेल्यावरही नाही प्यायले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वही खऱ्याची आहे तर माझंही खरं त्यात यायला पाहिजे. वहीत त्यांच्या पानावर लिहिलं होतं, 'नोकरीनिमित्त बाहेरगावी स्थायिक'. बस्स.

रेखाने पाणी आणलं. मी प्यायले. खाटेवरून ते बघत होते.

"जयभीम, वहिनी," ते म्हणाले. "पिशवीत काय हाय?"

"उकडे तांदूळ."

"मग पेज कर, रेखा. गावची."

नाकाला नळी होती. दोन वाक्यं बोलले की थांबायचे. रेखा म्हणाली, "काकी, घाई करू नका हां."

मी म्हटलं, "मला घाई येत नाही. मी लिहायला यांच्याहून हळू आहे."

खरंच तसं झालं. ते धाप टाकेपर्यंत माझं वाक्य पुरं व्हायचं नाही, मग मी म्हणायचे, पुन्हा सांगा, आणि ते पुन्हा सांगायचे. तासात अर्धं पान अशी आमची गाडी चालली होती.

काशीरामभाऊ दाराच्या चाकावर होते. जहाजाच्या नाकाला मोठं दार, दारातून खाली सोडायची लोखंडी फळी, आणि त्या फळीचा ब्रेक त्यांच्या हातात. पुढे आमच्या ह्यांचं काम. खुणा केलेली लांब काठी पाण्यात टेकायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा.

"जहाज थांबलं," ते म्हणाले. "किनारा लांब होता अजून. दत्तूने काठी टेकली. म्हणाला, चार फूट. साहेबाने विचारलं, नक्की? दत्तू म्हणाला, नक्की, चार फूट. मग दत्तू साहेबाला म्हणाला, हा दांडा हाय साहेब, पुढे खोल असंल. साहेबाने ऐकलं नाय."

इथे आमच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरचे वाचतील म्हणून सांगते. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा लांब उंचवटा असतो. त्याला आम्ही दांडा म्हणतो. दांड्यावर पाणी उथळ असतं, पण दांडा आणि काठ यांच्यामध्ये पुन्हा खोल असतं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेलेली आमची दहा वर्षांची पोरगीसुद्धा दांड्यावरून सरळ काठाकडे चालत नाही.

मी लिहीत होते. 'मग दत्तू साहेबाला' एवढं झालं होतं. खरं सांगते, बरं वाटत होतं. सरपंचांना हवं तसं पान होणार होतं. मी म्हटलं, "साहेबाला काय म्हणाले? पुन्हा सांगा."

ते बोलेनात. मला वाटलं धाप लागली. रेखाने पेज आणली, वाटीत, वर मीठ आणि थोडा लोणच्याचा खार. त्यांनी चार चमचे घेतले. मला एक वाटी दिली. आम्ही दोघांनी पेज खाल्ली.

मग ते म्हणाले, "परत सांगायला लागणार?"

"लागणार. मी साहेबापर्यंत आले आहे."

"मग ते खोडा."

"काय खोडू?"

"दत्तू साहेबाला कायबी म्हणाला नाय."

रेखा चमचा धुवायला निघाली होती, ती थांबली.

"दांडा हाय, हे त्याने मला सांगितलं," ते म्हणाले. "माझ्याकडे वळून. हळू. काशीराम, दांडा हाय. मी म्हटलं, व्हय. एका खाडीचे आम्ही, आम्हाला दिसत होतं. पाण्याचा रंग कळतो ना. पण साहेबाने विचारलं होतं, पाणी किती. पुढे काय हाय ते विचारलं नव्हतं. आणि नेव्हीत विचारलं तेवढं सांगायचं. दत्तूला वाटलं, साहेबाला म्हाईत असंल. मला वाटलं, दत्तूला वाटतंय ना, मग असंल."

"आणि तुम्ही?"

"मी फळी सोडली. ब्रेक माझ्या हातात होता."

मी लिहिलं. ते थांबले. मी वर बघितलं नाही, कारण मान वर केली की ओळ चुकते.

"पोरं उतरली. डोंगरातली. तीन-चार पावलं नीट गेली. मग नाय दिसली. पाठीवर ओझं, पोहता येत नाय. मी दोघांना जाताना बघितलं. आणखी कोण असंल तर मला नाय म्हाईत. दोर टाकले, बाकीच्यांना वर घेतलं. मग दत्तूने काठी घेऊन उडी मारली. दांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला, खुंटासारखा, हात पसरून, छातीएवढ्या पाण्यात. म्हणजे त्याच्या पुढे कोण जाऊ नये. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. शेवटचा माणूस परत जहाजात चढेपर्यंत उभा होता."

मला होडी आठवली. काठी टेकत जाणारे हे, आणि मी, घाई झाली म्हणून ओरडणारी.

"मघाशी वेगळं का सांगितलंत?" मी विचारलं.

"पन्नास वर्षं तेच सांगतो. एकदा सांगायला काय, जमतं. ऐकणारा ऐकतो आणि जातो. परत सांग म्हणून कोणी बसत नाय. तोंडासमोर दोनदा नाय जमलं."

मी मागचं वाक्य खोडलं आणि खालून नवीन लिहिलं. सगळं झाल्यावर त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाचायलाही मला वेळ लागतो. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "यात माझं कुठे हाय?"

"ब्रेकचं आहे ना."

"ते दत्तूच्या पानावर. माझ्या पानावर काय हाय?"

मी सांगितलं, बाहेरगावी स्थायिक.

ते हसले, मग खोकला आला, रेखाने नळी सारखी केली. "ते काढा," ते म्हणाले. "त्याला म्हाईत होतं आणि मला पण म्हाईत होतं. एकट्याचं लिहू नका, वहिनी. तो एकटा अडकंल."

मी त्यांच्या पानासाठी तेच पुन्हा लिहिलं, त्यांच्या बाजूने. संध्याकाळ झाली. शेवटी त्यांनी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

निघताना मी रेखाला म्हटलं, "त्यांना त्रास झाला का?"

ती म्हणाली, "झाला. पण आज सगळी पेज संपवली त्यांनी."

परत

शेवटचा दिवस मी वर्तकनगरला पडूनच होते. शोभाने दोन्ही पानं वाचली. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मामी, हे तू गावात लावणार? मामांबद्दल लोक काय बोलतील?"

"बोलतील ते बोलतील. बेचाळीस वर्षं मी त्यांना वेडा समजत होते, तेही चूकच होतं."

"पण एवढंच वाक्य गाळलं तर? उडी मारली, उभे राहिले, ते ठेव ना. ते किती छान आहे."

"का उभे राहिले ते गाळायचं, आणि उभे राहिले ते ठेवायचं? मग तो साळवींचा कागद झाला."

तिने दोन्ही पानांच्या छायाप्रती काढून आणल्या, एक गठ्ठा स्वतःच्या कपाटात ठेवला. म्हणाली, तुझी पिशवी हरवली तर. ते मला पटलं. सरोजच्या नवऱ्याचं पान आणि साळवींची छापील पानं यांच्या प्रतीही तिने त्यातच ठेवल्या. साळवींच्या कागदाखाली मी पेनाने एक ओळ लिहिली होती: 'किनाऱ्यावर शत्रू नव्हता, असं यांनी नंतर सांगितलं.'

गावी पोहोचले तेव्हा दुपार होती आणि ओहोटी. होडीत आम्ही आठ-नऊ माणसं. होडी दांड्याला लागली आणि होडीवाला बाबल्या म्हणाला, "उतरा आज्ये, घोट्याएवढंच हाय."

मी बसून राहिले. पिशवी मांडीवर धरली होती, वही वर.

"पुढे किती आहे?" मी विचारलं.

"पुढे म्हंजे?"

"दांड्याच्या पुढे. काठापर्यंत."

"रोजच्या वाटेने गेलं की नाय काय होत."

"किती आहे ते विचारलं."

तो वैतागला, पण काठी घेऊन उतरला. चालत गेला, काठी टेकली, परत आला. "कमरेच्या वर हाय," म्हणाला. "थांबा थोडं, पाणी भरतंय. होडीच काठाला नेतो."

लोकांना उन्हात बसावं लागलं. मागच्या फळीवरची एक बाई हसून दुसरीला म्हणाली, "दत्तूचं पाणी मोजणं आता बायकोकडे आलं."

मी म्हटलं, "हो. आलं."